नळीला मानवणारा लॉट

रायफलीची काडतुसं घरी भरण्याचा छंद अमेरिकेत जुना आहे. झाडलेल्या काडतुसाची पितळी कोठी उचलायची, बुडाची वापरलेली टोपी काढून नवी बसवायची, दारू तोलून ओतायची, वर गोळी दाबायची. आपल्या बंदुकीला मानवेल असं काडतूस आपल्याच हातानं जमवायचं, हा त्यातला मोह. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तिथे मात्र ही सोय नाही. तिथलं काडतूस पॉइंट टू टू.

त्याच्या बुडाला वेगळी टोपीच नसते. पेट घेणारं मिश्रण कारखान्यात ओलं असतानाच, कोठी गरगर फिरवून, बुडाच्या पोकळ कडेत बसवतात. पिन त्या कडेवर आपटते, कडा चेपते, मिश्रण पेटतं. झाडलेली कोठी निरखून पाहा, कडेवर बारीकशी खोच दिसेल. ती पडली की कोठी भंगारात.

घडवता येत नाही म्हटल्यावर उरतं ते निवडणं. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या डब्यांतही लॉटनुसार, म्हणजे उत्पादनाच्या खेपेनुसार, सूक्ष्म फरक असतो, आणि कुठल्या नळीला कुठला लॉट रुचेल हे झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून नेमबाज रायफल घेऊन बर्मिंगहॅमला एली किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रात जातात. तिथे रायफल दस्त्यातून सोडवून नळी शिकंज्यात आवळतात. माणूस मध्ये नकोच! प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या 50 मीटरवर झाडायच्या आणि भोकांचा पुंजका मोजायचा. ब्रँड बदलला की आधी काही गोळ्या नुसत्याच झाडाव्या लागतात, कारण गोळीवरचं मेण प्रत्येकाचं वेगळं आणि नळीत त्याचा नवा थर बसायला वेळ लागतो.

पुंजका किती चालेल? लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, गोळी 5.6 ची. रेषेला नुसती टेकलेली गोळीही धरली जाते, म्हणजे 21.6 मिलिमीटरच्या आत सगळं बसलं तर सगळे दहा. त्यातले 15 बंदूक-काडतुसानं खाल्ले, तर नेमबाजाच्या श्वासाला आणि नाडीला, ढोबळ हिशेबानं, साडेसहा उरतात.

वेगाचंही तसंच. गोळी ध्वनीपेक्षा जरा सावकाश, सेकंदाला साधारण 325 मीटरनं निघते आणि लक्ष्यापर्यंत जाताना सुमारे 12 सेंटीमीटर खाली येते. दोन काडतुसांच्या वेगात 3 मीटरचा फरक पडला, तरी भोक दोनेक मिलिमीटर वर-खाली होतं.

एखादा बार फुसका वाजला तर मात्र थांबायचं. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, मागून दुसरी झाडली तर नळी फुगते. पिन आपटूनही बार झालाच नाही, तर नळीचं तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट बोल्टला हात लावायचा नाही.

दहा गोळ्यांचा एक देखणा पुंजका नशिबानंही पडतो. म्हणून पसंतीचे दोन-तीन लॉट पुन्हा पुन्हा झाडून बघतात. मग ठरलेल्या लॉटचे परवडतील तितके डबे एकदमच घेऊन ठेवायचे. तो लॉट कारखान्यात पुन्हा निघणार नसतो.