उंट गेला तरी चालेल, पण ई४ सोडायचं नाही : निम्झोविचने बुद्धिबळाला काय दिलं?

बुद्धिबळाच्या क्लासमध्ये सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतात : प्यादी पटाच्या मध्यभागी आणा. डी४, ई४, डी५, ई५ ही चार घरं ज्याच्या ताब्यात, त्याची मोहरी मोकळी फिरतात. सल्ला चांगलाच आहे. तरीही गेली शंभर वर्षं मोठमोठे खेळाडू काळ्या मोहऱ्यांनी जी ओपनिंग विश्वासाने खेळत आलेत, ती या सल्ल्याकडे सुरुवातीला चक्क पाठ फिरवते. तिचं नाव निम्झो-इंडियन डिफेन्स.

पहिल्या तीन खेळ्या पाहा. पांढरा डी४, काळ्याचा घोडा एफ६. पांढरा सी४, काळा ई६. पांढऱ्याचा घोडा सी३ वर येतो. त्याचा बेत उघड आहे, पुढच्या खेळीत ई४ करून मध्यभागी प्याद्यांची भिंत उभी करायची. आता काळा आपला उंट बी४ वर आणतो. सी३ वरच्या घोड्याच्या मागे, त्याच तिरक्या रेषेत राजा आहे. म्हणजे घोडा जागचा हलू शकत नाही, आणि ई४ वर आलेलं प्यादं काळ्याचा घोडा फुकटात खाऊ शकतो. काळ्याचं एकही प्यादं मध्यात नाही, तरी मध्य पांढऱ्याला मिळत नाही.

हा विचार रुजवणारा माणूस म्हणजे आरोन निम्झोविच. जन्म १८८६ चा, रीगा शहरातला. रीगा तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. पुढे १९२२ मध्ये तो डेन्मार्कला गेला आणि तिथेच स्थिरावला.

त्या काळात युरोपात शब्द चालायचा तो डॉ. झीगबर्ट टाराश यांचा. पेशाने डॉक्टर, पण ओळख ‘जर्मनीचे गुरुजी’ अशी. मध्य प्याद्यांनीच धरायचा, मोहरी मोकळी हवीत, कोंदट स्थिती म्हणजे अर्धी हार, हे त्यांचे नियम. निम्झोविचचं म्हणणं असं की मध्यावर ताबा हवा, पण तो लांबून मोहऱ्यांनीही ठेवता येतो. मध्यात आलेली प्यादी कधी ताकद असतात, तर कधी नुसती निशाणं. दोघांचं हाडवैर जगजाहीर होतं. १९१४ च्या सेंट पीटर्सबर्ग स्पर्धेत टाराशनी दोन उंटांचा बळी देऊन निम्झोविचला हरवलं. तो डाव आजही शिकवला जातो. त्यामुळे नव्याने जुन्याला धूळ चारली अशी सरळ गोष्ट इथे नाही.

नावातल्या ‘इंडियन’चं काय? ते आपल्याकडूनच गेलंय. १८५० च्या आसपास कोलकात्यात जॉन कोक्रेन हा स्कॉटिश खेळाडू महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी खेळायचा. देशी नियमांत प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. बॅनर्जींचे डावही तसेच, प्यादी एकेक घर पुढे, उंट बाजूने बाहेर. डी४ ला घोडा एफ६ ने उत्तर देणाऱ्या साऱ्या बचावांना पुढे ‘इंडियन’ हे नाव चिकटलं.

निम्झो-इंडियनमध्ये काळा बऱ्याचदा बी४ वरचा उंट सी३ वरच्या घोड्याच्या बदल्यात देऊन टाकतो. दोन उंटांची जोडी मोडते, हा तोटा. पण पांढऱ्याची प्यादी सी रेषेत एकामागे एक अडकतात. हा सौदा कसा वटवायचा, ते १९७२ मध्ये रेक्याविकला फिशर-स्पास्की लढतीच्या पाचव्या डावात दिसलं. फिशरने सहाव्या खेळीत, कोणी न हटकताच, उंट देऊन घोडा घेतला. मग डी६ आणि ई५ करून मध्य बंद केला. पांढऱ्याची प्यादी सी४, डी५, ई४ अशी पांढऱ्या घरांवर गोठली आणि त्याच रंगाच्या घरांवरून फिरणारा त्याचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला. शेवटी स्पास्कीचे दोन्ही उंट डी१ आणि ई१ वर, पहिल्याच ओळीत शेजारीशेजारी बसलेले होते. सत्ताविसाव्या खेळीत चूक झाली आणि डाव संपला. लढत अडीच-अडीच अशी बरोबरीत आली. फिशरची ही खेळण्याची तऱ्हा अस्सल निम्झोविची.

आधी अडवा, मग मारा, हे त्याच्या ‘माय सिस्टिम’ या पुस्तकाचं सूत्र. मूळ जर्मन पुस्तक १९२५ च्या सुमारास आलं. समोरच्याचं प्यादं मोकाट पुढे निघालं, तर त्याच्या पुढ्यातल्या घरात मोहरं बसवून वाट बंद करा. या कामाला घोडा उत्तम, कारण समोर अडथळा असला तरी तो उडी मारून इतर घरांवर मारा करत राहतो. वजीर वाईट, कारण त्याला साधं मोहरंही हुसकावून लावतं. प्रतिस्पर्ध्याला काय खेळायचंय हे ओळखून ते आधीच रोखायचं, या सवयीलाही त्यानेच नाव आणि रूप दिलं. ही पुस्तकं वाचून घडलेला टिग्रान पेट्रोशियन १९६३ मध्ये जगज्जेता झाला तो याच सवयीच्या जोरावर.

सगळंच टिकलं असं मात्र नाही. महत्त्वाच्या घराला गरजेपेक्षा जास्त मोहऱ्यांचं संरक्षण द्यावं, हा त्याचा लाडका सिद्धांत. माझ्या मते तो पटावर कमी आणि पुस्तकात जास्त शोभतो. बाकीचं इतकं अंगवळणी पडलंय की ते कुणाचं, हे कुणी विचारत नाही.

त्याला स्वतःला विश्वविजेतेपदाची लढत कधीच मिळाली नाही. १९२६ मध्ये त्याने कापाब्लांकाला आव्हान दिलं, पण त्यासाठी लागणारे दहा हजार डॉलर उभे राहिले नाहीत. १९२९ मध्ये कार्ल्सबादच्या २२ जणांच्या स्पर्धेत मात्र तो कापाब्लांकाच्याही पुढे, पहिला आला. तोवर विजेतेपद आलेखिनकडे गेलं होतं. १९३५ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, कोपनहेगनमध्ये निम्झोविच वारला.