कर्जमर्यादेचे नूतनीकरण आणि विम्याचा आग्रह

आम्हां व्यापाऱ्यांस वर्षातून एकदा कॅश-क्रेडिटची मर्यादा नूतनीकृत करून घेण्यासाठी बँकेत जावे लागते. मालसाठ्याची पत्रके व ताळेबंद तपासून होतात आणि त्याच बैठकीत एखादी आयुर्विम्याची पॉलिसी पुढे केली जाते. मर्यादा अडेल या भीतीने पुष्कळ व्यापारी बंधू मुकाट्याने सही करतात.

या आग्रहाचे कारण साधे आहे. बँक ही विमा कंपनीची एजंट असते व पॉलिसी खपली की तिला कमिशन मिळते. पॉलिसीचा हप्ता म्हणजे मुदतठेव नव्हे. ठेव एकदाच ठेवावयाची व गरज पडल्यास मोडावयाची. हप्ता मात्र बहुधा वर्षानुवर्षे भरावा लागतो आणि मध्येच सोडल्यास तोटा सोसावा लागतो. हंगामाच्या खरेदीस लागणारे भांडवल असे अडकून पडते.

तारण मालाचा विमा उतरविण्याची अट रास्त आहे. परंतु आयुर्विमा घेण्याशी कर्जाची सांगड घालण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. ती खरेदी सर्वस्वी ऐच्छिक होय. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते व ठरावीक वजावट होऊन रक्कम मिळते. बँकेने लेखी तक्रारीस ३० दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

म्हणून, अट सांगितली गेल्यास ती लेखी मागावी, कागद पेढीवर आणून वाचावा आणि नको असल्यास निःसंकोच नाही म्हणावे, अशी आमची सर्व बंधूंस विनंती आहे.