जंगलाच्या पैशावर चाललेली गस्त

आपल्याकडे जिल्ह्यातील पोलिसांचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. तुरुंगाचा आणि सरकारी वकिलांचा खर्चही तिथूनच निघतो. त्यामुळे रात्रीची गस्त हवी की नको, यावर गावकऱ्यांना कधी मतदान करावे लागत नाही. अमेरिकेत ही जबाबदारी बऱ्याच अंशी काउंटीवर, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याएवढ्या घटकावर असते. शहराबाहेरच्या वस्त्यांची गस्त, तुरुंग, अल्पवयीनांचे निरीक्षणगृह, खटले चालवणारे वकील हे सारे काउंटीने सांभाळायचे आणि त्यासाठीचा पैसाही मुख्यतः तिनेच उभा करायचा. हा पैसा अचानक आटला तर काय होते, हे ओरेगन राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील जोसेफिन काउंटीने २०१२ ते २०१७ या काळात अनुभवले.

२०१० च्या जनगणनेनुसार या काउंटीची लोकसंख्या ८२ हजारांच्या थोडी वर होती. रोग नदीकाठचे ग्रँट्स पास हे मुख्य शहर. त्याचे पोलीस खाते स्वतंत्र आहे आणि ते शहराच्या करावर चालते. बाकी डोंगरदऱ्यांत पसरलेल्या वाड्यावस्त्यांना आधार शेरीफचा, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाचा. काउंटीतील निम्म्याहून बरीच अधिक जमीन केंद्र सरकारच्या मालकीची, बहुतांश जंगल. त्या जमिनीवर काउंटीला मालमत्ता कर लावता येत नाही.

या गोष्टीचे मूळ एका रेल्वेत आहे. १८६६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने पोर्टलंडपासून कॅलिफोर्नियाकडे लोहमार्ग टाकण्यासाठी ओरेगन अँड कॅलिफोर्निया रेल्वेला लाखो एकर जमीन दिली. पुढे अट आली की ही जमीन प्रत्यक्ष वसणाऱ्यांनाच विकायची, एका माणसाला १६० एकरांपेक्षा जास्त नाही आणि एकरी अडीच डॉलरहून महाग नाही. कंपनीने अट मोडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९१६ मध्ये काँग्रेसने उरलेली जमीन परत घेतली. जमीन सरकारजमा झाली तसे काउंट्यांचे करउत्पन्नही बुडाले. त्याची भरपाई म्हणून १९३७ च्या कायद्याने तिथल्या लाकूडविक्रीचा पाऊण हिस्सा १८ काउंट्यांना देऊ केला. त्यातला पाव हिस्सा काउंट्यांनी पुढे जंगलाच्या देखभालीसाठी सोडला आणि निम्मा हाती राहिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणी जोरात सुरू झाली, लाकडाला मागणी वाढली आणि हा निम्मा हिस्साच भरघोस झाला. हा पैसा कशावर खर्च करायचा याचे बंधन नव्हते. शेरीफच्या गाड्या, डेप्युटींचे, म्हणजे त्याच्या हाताखालच्या पोलिसांचे पगार, तुरुंगातील पहारा यांवर तो खर्च होई आणि नागरिकांचा मालमत्ता कर कमी ठेवता येई. दोन पिढ्यांनी हेच पाहिले. कर थोडा भरायचा आणि फोन केला की डेप्युटी यायचा. यातला बराचसा खर्च जंगल भागवते आहे, हे बहुतेकांच्या लक्षात येण्याचे कारणच नव्हते.

१९९० मध्ये ठिपकेदार घुबडाची एक उत्तरेकडील जात संकटग्रस्त म्हणून कायद्याच्या संरक्षणाखाली आली. ती जुन्या, दाट जंगलातच राहते. १९९१ मध्ये सिएटलचे न्यायाधीश विल्यम ड्वायर यांनी तिच्या अधिवासातील राष्ट्रीय वनांमधल्या लाकूडविक्रीला मनाई केली, १९९४ मध्ये वायव्य वन आराखडा आला आणि सरकारी जंगलातील तोड पूर्वीच्या तुलनेत अगदी थोडी उरली. शतकानुशतके वाढलेली झाडे त्या वेगाने तोडत राहणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. जंगल वाचवण्याचा निर्णय चुकला, असे मला वाटत नाही. चूक पुढे झाली. केंद्राने आधी तात्पुरती भरपाई दिली, मग २००० मध्ये ग्रामीण शाळा आणि काउंट्यांसाठी अनुदानाचा कायदा केला. त्यालाही मुदत होती. त्या काळात काउंटीने नवा आर्थिक पाया घालायला हवा होता. तो घातला गेला नाही.

घालणे सोपेही नव्हते. त्याच सुमारास ओरेगनच्या मतदारांनी मालमत्ता करावर मर्यादा आणल्या. १९९७ च्या दुरुस्तीने प्रत्येक काउंटीचा कायम दर गोठवला. लाकडाच्या पैशामुळे जोसेफिनचा दर मुळात कमी होता, तोच कायमचा झाला: करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे ५८.६७ सेंट. दीड लाख डॉलर मूल्याच्या घरामागे काउंटीला वर्षाला मिळत ८८ डॉलर. त्याहून जास्त हवे असतील, तर ठरावीक मुदतीच्या जादा पट्टीसाठी मतदारांपुढे जावे लागे.

पहिला इशारा २००७ मध्ये मिळाला. अनुदान लांबले आणि काउंटीने आपली सगळी सार्वजनिक ग्रंथालये बंद केली. पुढच्या वर्षी अनुदानाला घटत्या हप्त्यांनी मुदतवाढ मिळाली आणि मोठा निर्णय पुन्हा पुढे ढकलला गेला.

मे २०१२ मध्ये तो टाळता येईना. शेरीफचे खाते, तुरुंग आणि सरकारी वकिलांसाठी हजारी १.९९ डॉलरची पट्टी मतदानाला आली. दीड लाखाच्या घरावर वर्षाला सुमारे ३०० डॉलरचा बोजा. मतदारांनी ती नाकारली. काही दिवसांतच शेरीफ गिल गिल्बर्टसन यांच्या खात्यातील बहुतेक मनुष्यबळ घरी गेले. गंभीर गुन्ह्यांचे तपास पथक बंद झाले. गस्त सोमवार ते शुक्रवार, दिवसाच्या एका पाळीपुरती उरली. तुरुंगात पहारेकरी कमी पडले म्हणून कैदी सोडावे लागले. निरीक्षणगृहाला कुलूप लागले. सरकारी वकील कमी झाले आणि किरकोळ गुन्ह्यांचे खटले मागे पडले. कौटुंबिक हिंसाचाराची भीती असलेल्यांनी पुरेशी पोलीस सेवा असलेल्या भागात राहायला जाण्याचा विचार करावा, असे शेरीफच्या कार्यालयाने प्रसिद्धिपत्रकातून कळवले.

ते पत्रक किती खरे होते, हे ऑगस्टमधील एका शनिवारी पहाटे कळले. आधी मारहाण केलेला माणूस दार तोडतो आहे, म्हणून एका बाईने ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावला. सुट्टीच्या दिवशी शेरीफकडे कोणी नव्हते. फोन राज्य पोलिसांकडे गेला, पण पाठवायला त्यांच्याकडेही माणूस नव्हता. फोनवरची कर्मचारी दहा मिनिटांहून अधिक वेळ तिच्याशी बोलत राहिली. तो आत शिरला आणि त्याने तिच्यावर अत्याचार केला. पुढे त्याला अटक झाली, त्याने गुन्हा कबूलही केला. पण त्या पहाटे तिच्यापर्यंत कोणीही पोहोचले नाही.

या घटनेची बातमी देशभर गेली. तरीही मे २०१३ मध्ये १.४८ डॉलरची पट्टी थोडक्या मतांनी पडली. २०१४ मध्ये १.१९ डॉलरची पडली, २०१५ मध्येही तेच झाले. नकार देणाऱ्यांना निष्ठुर म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. काउंटीत निवृत्त आणि तुटपुंज्या उत्पन्नावर जगणारे लोक पुष्कळ. जंगल केंद्राचे आहे, तर पैसाही केंद्राने द्यावा किंवा तोड पुन्हा सुरू करावी, असे अनेकांना मनापासून वाटे. ग्रँट्स पासचे रहिवासी आपल्या पोलिसांसाठी आधीच कर भरत होते. वस्त्यांवरचे काही लोक बंदूक बाळगून स्वतःच गस्त घालू लागले. शेजाऱ्यांची ती धडपड खरी होती, पण तपास, पुरावा, अटक आणि खटला ही कामे स्वयंसेवकांच्या हातून होत नाहीत.

उत्तरेकडच्या लेन काउंटीलाही अनुदान आटल्याने तुरुंगातून कैदी सोडावे लागले होते. तिथल्या मतदारांनी मे २०१३ मध्ये ५५ सेंटची, केवळ तुरुंगासाठीची पट्टी मंजूर केली. मागणी छोटी होती आणि पैसा कुठे जाणार हे स्पष्ट होते. जोसेफिनला त्याच वाटेवर यायला आणखी चार वर्षे लागली. मे २०१७ मध्ये तुरुंग आणि निरीक्षणगृहासाठी ९३ सेंटची पट्टी अखेर मंजूर झाली. तुरुंग शहराच्याही उपयोगाचा आणि वस्त्यांच्याही, हे लोकांना पटले असावे. वस्त्यांवरच्या गस्तीचा प्रश्न मात्र सुटला नाही. २०२१ मध्ये त्यासाठी सुचवलेला हंगामी विक्रीकर मतदारांनी मोठ्या फरकाने फेटाळला.

या साऱ्यात सर्वांत कमी बोलले गेले ते माणसांबद्दल. पैसा एका मतदानाने परत येतो, अनुभवी माणसे येत नाहीत. ओरेगनमध्ये नव्या पोलिसाला सेलमच्या अकादमीत १६ आठवड्यांचे मूलभूत शिक्षण घ्यावे लागते. त्यानंतर जुन्या सहकाऱ्याबरोबर फिरत फिरत रस्ते, घरे, माणसे ओळखीची होतात. कमी केलेला डेप्युटी दुसऱ्या गावी नोकरी धरतो, मुलांना तिथल्या शाळेत घालतो. त्याच्याबरोबर त्या परिसराची माहितीही निघून जाते.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. गस्त, तुरुंग आणि सरकारी वकील ही बारमाही कामे आहेत. ती मुदतीच्या अनुदानावर किंवा लाकडाच्या भावावर चालवता येत नाहीत. त्यांचा खर्च मोजून, लोकांना खरा आकडा सांगून, कायमच्या उत्पन्नातूनच भागवावा लागतो. ते टाळले की बिल थांबत नाही, फक्त दुसऱ्याच्या दारात जाते. २०१२ च्या ऑगस्टमध्ये ते एका बाईच्या दारात गेले.

मे २०१७ च्या त्याच मतदानात जोसेफिनच्या मतदारांनी आणखी एका प्रस्तावाला होकार दिला. दहा वर्षांपूर्वी काउंटीने बंद केलेल्या ग्रंथालयांसाठी कायमच्या करावर चालणारी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तुरुंगाला मिळालेली पट्टी मात्र पाच वर्षांच्या मुदतीची होती.