दुधाचा सुळा

पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या हातातला प्रोब काढून घेतला. दवाखान्यात सहा वर्षं मी हेच केलं होतं. दात समोर आला की स्टीलचं टोक त्यावर फिरवायचं आणि कीड कुठे लागते ते बघायचं. "हा दात तीन हजार वर्षं टिकलाय. तुझा एक ओरखडाही त्यावर उठायला नको," एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी माझ्यासमोर दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक टेबललॅम्प आणि तळाला स्पंज घातलेला ट्रे ठेवला. ट्रेमध्ये ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठा, पिवळट असा एक दुधाचा सुळा होता.

मी शिकले दंतवैद्यक. एकतिसाव्या वर्षी दवाखाना मैत्रिणीच्या हवाली केला आणि पुण्यात डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वशास्त्राच्या एम.ए.ला आले. शेवटच्या सत्रात लघुप्रबंध करायचा होता, आणि माझा विषय ठरलेलाच होता: जैवपुरातत्त्व. म्हणजे उत्खननात सापडलेल्या माणसांच्या हाडा-दातांवरून ती कशी जगली, काय खात होती, कशानं आजारी पडत होती ते वाचायचं. राजांची नावं आणि लढायांच्या तारखा त्यात नसतात. ज्यांचं नाव कुणीच लिहून ठेवलं नाही, त्यांच्यापर्यंत पोचायची ही एक वाट आहे, आणि मला तीच हवी होती.

ट्रेमधला तो सुळा इनामगावचा होता. हे गाव माझ्या आजोळापासून फार लांब नाही. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. १९६८ ते १९८३ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांनी तिथलं पांढरीचं टेकाड खणलं, आणि इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं एक सबंध गाव वर आलं. मातीच्या भिंतींची घरं, चुली, धान्याच्या कणग्या, पाण्याचा पाट, आणि घरांच्या जमिनीखाली माणसं. मोठ्यांना उत्तर-दक्षिण आडवं पुरलेलं, बहुतेकांची पावलं घोट्याखाली तोडलेली. मेलेल्यानं उठून चालू लागू नये म्हणून हे करत असावेत, असा उत्खनकांचा अंदाज. तान्ह्या मुलांना मात्र दोन करड्या कुंभांमध्ये ठेवलेलं, कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे. ज्या घरात ते मूल रांगलं असतं, त्याच घराच्या सारवणाखाली.

मी विषय लिहून नेला: "हवामानबदल, कुपोषण आणि उत्तर-जोर्वे काळातील बालमृत्यू." उत्तर-जोर्वे म्हणजे इनामगावच्या त्या वस्तीचा शेवटचा टप्पा. सरांनी वाचला, कागद उलटा ठेवला आणि विचारलं, "चार महिन्यांत? एकटी?" पुढचे तीन आठवडे माझा विषय आकसतच गेला. इनामगावच्या सांगाड्यांवर डॉ. सुभाष वाळिंबे आणि जॉन ल्यूकाक्स यांनी कित्येक वर्षं काम केलंय, नंतर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी त्यातल्या मुलांवर पुस्तक लिहिलंय. ते सगळं वाचून मी परत गेले, आणि शेवटी एवढंच उरलं: दुधाच्या सुळ्यावरची खळगी मला दोनदा पाहिली तर दोन्ही वेळा सारखीच दिसते का?

ऐकायला हा प्रश्न फार छोटा वाटतो. मलाही तेव्हा रडू आलं होतं.

पण सुळाच का, ते सांगते. हाड आयुष्यभर झिजतं आणि भरून येतं. दाताचं इनॅमल तसं नाही. ते एकदाच, थरावर थर चढत बनतं आणि पुन्हा कधीच दुरुस्त होत नाही. दुधाच्या दातांचं इनॅमल बाळ पोटात असतानाच बनू लागतं. सुळ्याचा मुकुट, म्हणजे मुळाच्या वरचा भाग, पुरा व्हायला जन्मानंतरचे नऊ-दहा महिने लागतात. त्या दिवसांत बाळ फार आजारी पडलं किंवा उपाशी राहिलं, की इनॅमल बनवणाऱ्या पेशींचं काम अडखळतं आणि तिथे ओळ उमटते किंवा खळगी पडते. शिवाय सुळ्याच्या बाहेरच्या बाजूला जबड्याचं हाड पातळ असतं. आईचं आणि बाळाचं पोषण तुटपुंजं असेल तर ते आणखी पातळ राहतं आणि कोवळ्या दाताला धक्का पोचू शकतो. त्यानं पडलेली खळगी गोलसर, टाचणीच्या डोक्याएवढी असते.

ही खळगी आहे की नाही, एवढंच मला लिहायचं होतं. पहिल्या महिनाभरात मी दोन वह्या भरल्या. मग एका संध्याकाळी मान अवघडली म्हणून लॅम्प डावीकडून उजवीकडे सरकवला, आणि सकाळी "नाही" म्हणून नोंदलेल्या सुळ्यावर खळगी उभी राहिली. उजेड समोरून पडला की सगळं सपाट दिसतं, तिरका पडला की बारीकशी सावली येते. लॅम्प कुठे होता, हे मी एकाही नोंदीत लिहिलं नव्हतं. दोन्ही वह्या बाद. दुसऱ्या दिवशी कोनमापक आणून टेबलावर चिकटपट्टीनं लॅम्पची जागा आखली आणि पहिल्या दातापासून पुन्हा सुरुवात केली. शिस्त तीच: एका वेळी एकाच मुलाची डबी उघडायची, दात ट्रेबाहेर न्यायचा नाही, चिठ्ठीवरचा खड्डा, थर, दफन क्रमांक वाचायचा, डबी बंद करायची, मगच पुढची.

दुसरी फेरी तीन आठवड्यांनी, पहिली वही कुलपात ठेवून. ठसठशीत खळग्यांवर दोन्ही फेऱ्या जुळल्या. पुसट ओळींवर मात्र मी माझ्याशीच भांडले. जिथे मंगळवारी ओळ होती, तिथे तीन आठवड्यांनी काहीच नव्हतं. स्वतंत्र संशोधन म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. शेजारी कुणी नसतं. दोन आकडे जुळत नाहीत हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं, आणि ते तसंच लिहायचं असतं.

या संस्थेत हे सांगताना मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९३९पासून त्या इथेच होत्या. त्याआधी, वीस-बावीस वर्षांच्या वयात त्या बर्लिनला पीएच.डी.साठी गेल्या. ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकावरून युरोपीय माणसाची बुद्धी श्रेष्ठ ठरवता येते का, असा प्रश्न त्यांच्यापुढे होता आणि मार्गदर्शकाला कोणतं उत्तर हवं ते ठरलेलंच होतं. बाईंनी कवट्या मोजल्या. वंशाशी काही संबंध आढळला नाही, तसं त्यांनी लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या हाती पदवी त्याच्याचसमोर. त्यांच्यापुढे माझी धडपड किती लहान ते मला कळतं, पण पुसट ओळींचा तक्ता टाईप करताना मला बळ त्यांनीच दिलं.

एक गोष्ट मी लघुप्रबंधात चार परिच्छेदांत लिहिली, इथे थोडक्यात सांगते. जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२मध्ये ती मांडली, आणि त्यानंतर या शास्त्रात कुणाला घाईनं निष्कर्ष काढता येईनासा झाला. दातावर ओळ उमटायला बाळानं आजारपणातून तगावं लागतं. जे दोन दिवसांच्या तापात गेलं, त्याचे दात स्वच्छ, गुळगुळीत. म्हणजे खूण असलेलं मूल काही काळ तरी झुंजलेलं, आणि खूण नसलेलं मूल धडधाकट होतं की झुंजायलाच मिळालं नाही, हे दात एकटा सांगत नाही. त्या आठवड्यात गुळगुळीत सुळे हातात घेताना मला जड जायचं.

सुट्टीत आजोळी गेले तेव्हा आजीनं विचारलं, "पोरगी व्हती का पोरगा?" इतक्या लहान सांगाड्यावरून ते खात्रीनं कळत नाही, म्हणाले. आता इनॅमलमधल्या प्रथिनांवरून कळू शकतं, पण त्याला वेगळी प्रयोगशाळा लागते. आजीची पहिली मुलगी नऊ महिन्यांची असताना तापानं गेली. बांधाजवळ पुरली. आमच्याकडे दात न आलेल्या मुलाला अग्नी देत नाहीत. आजी बराच वेळ शेंगा सोलत राहिली आणि मग म्हणाली, "त्याला दात आलं व्हतं का?"

हे मी नोंदवतच नव्हते. दुधाचा सुळा हिरडीतून बाहेर यायला साधारण दीड वर्ष लागतं, म्हणजे माझ्या ट्रेमधले कित्येक सुळे त्या बाळांच्या आईनं कधी पाहिलेच नसणार. पुण्याला परतल्यावर वहीत एक रकाना वाढवला: "हिरडीबाहेर आला होता का?" जबड्यात बसलेल्या दाताचं लगेच कळतं. सुट्या दाताचं मूळ किती वाढलंय आणि टोक झिजलंय का ते बघावं लागतं. त्यासाठी सगळ्या डब्या मी तिसऱ्यांदा उघडल्या.