‘राहतोय’चं इंग्रजी काय?

‘मी दहा वर्षं पुण्यात राहतोय.’ याचं इंग्रजी करून बघा. बरेच जण पटकन म्हणतात, ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे फॉर टेन इयर्स.’ शब्द सगळे बरोबर, पण काळ चुकला! राहणं दहा वर्षांपूर्वी सुरू झालं आणि आजही चालू आहे, हे इंग्रजीला क्रियापदातच दाखवावं लागतं: ‘आय हॅव बीन लिव्हिंग.’ मराठीत नुसत्या ‘दहा वर्षं’वर भागतं, म्हणून आपण इथे हमखास अडखळतो.

पूर्ण वर्तमानकाळ मात्र आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. ‘मी जेवलो’ आणि ‘मी जेवलोय’ यातला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. ‘जेवलोय’ म्हणजे आत्ता पोट भरलेलं आहे, माझं ताट घेऊ नका. ‘आय हॅव ईटन’ नेमकं हेच सांगतं. एक पथ्य तेवढं पाळा: सोबत ‘यस्टरडे’ आलं की साधा भूतकाळच हवा. ‘मी त्याला कालच भेटलोय’ मराठीत चालतं, इंग्रजीत नाही.

आणि हो, ‘आय ॲम नोइंग’ नको, ‘आय नो’ म्हणा. ‘मला माहीत होतंय’ असं आपण तरी कुठे म्हणतो?