रिकाम्या गॅलरीचे अर्थशास्त्र

२०१५ ते २०१९ या अवघ्या चार-पाच वर्षांत पुणे शहरातील चार व्यावसायिक फुटबॉल संघांनी आपला गाशा गुंडाळला. पिरामल समूहाने २००७ साली उभा केलेला पुणे एफ. सी. हा संघ २०१५ मध्ये थांबला. कल्याणी समूहाचा भारत एफ. सी. आय-लीगचा एकच हंगाम खेळून त्याच वर्षी बाहेर पडला. डी. एस. के. शिवाजीयन्स हा संघ २०१७ पर्यंत टिकला. आणि चित्रपटसृष्टीतील नामांकित नटाची भागीदारी व इटलीतील फिओरेंटिना क्लबचे सहकार्य लाभलेला एफ. सी. पुणे सिटी हा संघ २०१९ मध्ये आर्थिक अडचणींमुळे विसर्जित होऊन त्याची लीगमधील जागा हैदराबादच्या नव्या संघाला मिळाली. बास्केटबॉलची गोष्ट तर याहूनही संक्षिप्त आहे. २०१५ साली सुरू झालेल्या व्यावसायिक लीगमध्ये 'पुणे पेशवाज' नावाचा संघ होता, हे आज किती पुणेकरांना आठवत असेल याची शंकाच आहे.

या संघांपाशी पैसा नव्हता असे नाही. खेळाडू होते, परदेशी प्रशिक्षक होते, जाहिरातीही होत्या. जे पुरेसे जमले नाही ते प्रेक्षक. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सामने होत आणि बरीचशी आसने रिकामी राहत. एखादा संघ बंद पडला की शहरात शोकसभा होत नाही, ही बाब प्रस्तुत लेखकाला संघ बंद पडण्यापेक्षाही अधिक बोलकी वाटते.

या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर असे दिले जाते, की आपल्या माणसाला क्रिकेटवाचून दुसरे काही दिसत नाही. हे उत्तर देणाऱ्याने एकदा कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालीम मंडळांचा सामना पाहावा. संस्थानकाळापासून या शहरात फुटबॉल रुजलेला आहे. ज्या तालमी मूळच्या कुस्तीच्या, त्यांनीच पुढे फुटबॉलचे संघ उभे केले. खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, जुना बुधवार पेठ, फुलेवाडी ही नावे कोणा जाहिरात कंपनीने सुचविलेली नाहीत. ती पेठांची, गल्ल्यांची, तालमींची नावे आहेत. त्यांच्या सामन्यांना लोक तिकीट काढून येतात, भर उन्हात सिमेंटच्या पायऱ्यांवर बसतात. आमच्या कुरुंदवाडहून जायला-यायला एस.टी.चे तीन-चार तास मोडतात. तरी महत्त्वाच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातील काही मुलांचे घसे बसलेले असतात आणि कारण विचारावे लागत नाही. दर्जाच म्हणाल, तर या संघांपेक्षा बालेवाडीत खेळणारे खेळाडू निर्विवादपणे सरस होते. म्हणजे कमी दर्जाच्या खेळाला गर्दी आणि वरच्या दर्जाच्या खेळाला रिकामी गॅलरी, असा हा पेच आहे, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो टाळून पुढे जाता येत नाही.

जिंकणारा संघ प्रेक्षक ओढतो, असेही म्हणतात. पण पुणे एफ. सी. २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर होता; दोन वर्षांनी तो नव्हता. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने तर राष्ट्रीय लीग आणि फेडरेशन चषक दोन्ही जिंकले होते. कंपनीने २०१० साली तो संघ बंद केला. तिकिटाचे दर हेही कारण पटण्यासारखे नाही. खरी किंमत तिकिटावर छापलेली नसते. कसबा किंवा सदाशिव पेठेतल्या कारकुनाने कामावरून सुटून, शहराचे दुसरे टोक गाठून, रात्रीचा सामना पाहून घरी परतायचे म्हणजे पेट्रोल, दोन-तीन तासांची वाहतूक आणि दुसऱ्या दिवशीची अपुरी झोप, एवढे मोजावे लागते. ते मोजण्याइतके मोल त्याला सामन्यात दिसत नव्हते. का दिसत नव्हते, हा खरा प्रश्न.

शेजाऱ्याला हरवण्याची गोडी

खेळाच्या धंद्याचे अर्थशास्त्र इतर धंद्यांहून उफराटे आहे, हे वॉल्टर नील या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली एका निबंधात दाखवून दिले. साबणाच्या कारखानदाराला प्रतिस्पर्धी बुडाला तर आनंद होतो. मुष्टियोद्धा जो लुई याला मात्र मॅक्स श्मेलिंगसारखा तुल्यबळ प्रतिस्पर्धी हवा होता. तो नसता तर लुईची लढत पाहायला कोण आले असते? खेळात माल एकटा कोणी बनवीत नाही, तो दोन प्रतिस्पर्धी मिळून बनवितात. या विवेचनात मी एका तिसऱ्या उत्पादकाची भर घालीन, आणि तो म्हणजे प्रेक्षक. गॅलरीतला आरडाओरडा, झेंडे, समोरच्या बाजूला बसलेल्यांना दिलेले टोमणे हे सामन्यातून वजा केले तर उरते ती बावीस माणसांची धावपळ. प्रेक्षक हा गिऱ्हाईकही असतो आणि कामगारही. शिवाय हे काम तो स्वतःच्या पदरचे पैसे देऊन करतो.

कोल्हापुरात हा तिसरा उत्पादक आयता मिळतो, कारण त्याची जडणघडण स्टेडियमच्या बाहेर झालेली असते. ज्याला हरवायचे तो पलीकडच्या गल्लीत राहतो, एकाच कचेरीत शेजारच्या टेबलावर बसतो, एकाच मंडईत भाजी घेतो. सामना नव्वद मिनिटांत संपतो, पण त्याचा हिशेब आठवडाभर चालतो. २०१५ च्या आय-लीगमध्ये पुण्याचे दोन संघ एकाच वेळी एकाच बालेवाडीच्या मैदानावर खेळत होते. कागदावर ही चुरस कोल्हापूरइतकीच पेटायला हवी होती. पण या संघाचा कोण आणि त्या संघाचा कोण, हे पुणेकराने कशावरून ठरवावे? दोन उद्योगसमूहांपैकी एकाची बाजू घेऊन कोणी शेजाऱ्याशी भांडत नाही.

आपलेपणा जडायला काळ लागतो आणि तो काळ पैशाने विकत घेता येत नाही, ही गोष्ट क्रिकेटमध्येही दिसली. २०१६ साली आय.पी.एल.मध्ये पुण्याला जो संघ मिळाला तो मुळातच दोन वर्षांच्या बोलीने आला होता. त्या वर्षीच्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या आदेशाने एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले आणि पुण्याचा संघ विशाखापट्टणमला 'घरचे' सामने खेळला. पुढच्या वर्षी त्याने अंतिम सामना गाठून तो अवघ्या एका धावेने गमावला आणि नंतर तो संपला. याउलट २०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे सामने पुण्याला हलवावे लागले, तेव्हा सुमारे हजार प्रेक्षक खास आगगाडीने चेन्नईहून पुण्याला आले. स्टेडियम गहुंजेचेच होते. दहा वर्षांच्या सहवासाने चेन्नईच्या माणसाला तो प्रवास वाजवी वाटला, दोन वर्षांच्या संघासाठी पुणेकराला गहुंजेही लांब वाटत होते.

मालकाला प्रेक्षक हवा आहे काय?

येथे एक कटू प्रश्न विचारणे भाग आहे. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आय.पी.एल.चे प्रक्षेपणाचे हक्क सुमारे ४८ हजार ३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढी रक्कम घरोघरच्या पडद्यांवरून येत असेल तर दाराशी तिकीट काढणाऱ्याचे महत्त्व किती उरणार? इतर खेळांच्या लीग याच नमुन्यावर बेतल्या गेल्या, पण त्यांना ती रक्कम मिळाली नाही. मिळाली ती फक्त मनोवृत्ती. प्रो कबड्डीचे उदाहरण घ्या. कबड्डी हा महाराष्ट्राच्या मातीतला खेळ आणि पुणेरी पलटण हा त्यातील जाणता संघ. २०२५ च्या हंगामात तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. पण त्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चारच शहरांत झाले. पुण्याच्या संघाचा एकही सामना पुण्यात झाला नाही! खर्च वाचला, प्रक्षेपण सोयीचे झाले. पण आपला संघ प्रत्यक्ष पाहू इच्छिणाऱ्या पुण्यातल्या शाळकरी मुलाने काय करावे? खो-खोची तऱ्हा याच्या उलट. ज्या शहरात डेक्कन जिमखान्याने या खेळाचे नियम बांधले, त्याच पुण्यात २०२२ साली अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम बालेवाडीला झाला. त्यात सहा संघ होते, पण पुण्याचा एकही नव्हता.

अर्थात, नव्या लीगना गर्दी होतच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. इंडियन सुपर लीगच्या २०१४ च्या पहिल्या हंगामात सामन्यामागे सरासरी २४ हजारांच्या आसपास प्रेक्षक आले. नवलाई होती, नटनट्या होत्या, निवृत्तीला आलेले युरोपीय खेळाडू होते. नवलाई ओसरल्यावर गर्दी कोठे टिकली हे पाहण्यासारखे आहे. ती मुख्यतः कोची आणि कोलकात्याला टिकली. या दोन्ही प्रदेशांत लीगच्या आधी फुटबॉल होता. १९९७ साली मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या एका सामन्याला १ लाख ३१ हजारांहून अधिक लोक सॉल्ट लेक स्टेडियममध्ये जमले होते, आणि त्या वेळी कोणी नट मालक नव्हता. लीगने तेथे प्रेक्षक निर्माण केले नाहीत, होते ते वापरले. पुण्यात ते निर्माण करण्याचे कष्ट घ्यावे लागले असते.

आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात असमाधानी माणसापुढील दोन वाटा सांगितल्या आहेत. एक निघून जाण्याची, दुसरी आवाज उठविण्याची; आणि निष्ठा ही निघून जाणाऱ्याचा पाय काही काळ अडवून धरते. आपल्या व्यावसायिक संघांत प्रेक्षकाला आवाज नाही. सामन्याची वेळ, संघाचे नाव, गणवेशाचा रंग, प्रशिक्षक, कशाबद्दलही त्याला कोणी विचारीत नाही. राहता राहिली निघून जाण्याची वाट, आणि ती तो मुकाट्याने धरतो. मालकालाही तीच वाट मोकळी असते. मूळ धंद्यात खोट आली की पहिली कुऱ्हाड संघावर पडते. तालमीचे तसे नाही. संघ सलग चार हंगाम हरला तरी पेठ हैदराबादला हलविता येत नाही.

हे लिहिताना कोल्हापूरच्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. तेथल्या गॅलरीत हुल्लडबाजी होते, सामने थांबवावे लागतात, पोलिसांना लाठी उगारावी लागते. घरच्या मुलीबाळींना घेऊन तेथे निर्धास्त बसावे असे अजूनही वाटत नाही. शिवाय वर्गणी, देणग्या आणि बक्षिसे यांवर चालणारी तालीम खेळाडूला पोटापुरता पगार बाराही महिने देऊ शकत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याला पुढची वाट चालण्यासाठी जिल्ह्याबाहेरच जावे लागले. पुण्यातले चार संघ बंद पडले तेव्हा केवळ मालकांचे पैसे बुडाले नाहीत. खेळावर पोट भरता येईल असे मानून शिक्षण बाजूला ठेवणाऱ्या मुलांच्या पायाखालची जमीन सरकली. आमच्या कुरुंदवाडसारख्या लहान गावातील गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगची तीन कांस्यपदके मिळविली. अशा गावातल्या पालकाला मुलाच्या हाती खेळ द्यावा की नाही हे ठरविताना पगार देणारा संघ दहा वर्षांनी असेल का, हे पाहावेच लागते.

म्हणून प्रेक्षकाला संघात खरीखुरी जागा कशी देता येईल, याचा विचार झाला पाहिजे. जर्मनीत १९९८ पासूनचा नियम असा, की काही अपवाद वगळता क्लबच्या मतदानाचे बहुसंख्य हक्क सभासदांपाशीच राहिले पाहिजेत. डॉर्टमुंडच्या मैदानावर सामन्यागणिक ८० हजारांच्या घरात माणसे येतात. अमेरिकेतील ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचे गाव. तेथील फुटबॉल संघाने १९२३ साली लोकांना भाग विकले. आज त्याचे ५ लाखांहून अधिक भागधारक आहेत. या भागांवर लाभांश मिळत नाही, ते बाजारात विकताही येत नाहीत. तरीही १९६० पासून त्या संघाच्या हंगामातील घरच्या सामन्यांची तिकिटे उरत नाहीत.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या माणसाला हे परके वाटायचे कारण नाही. साखर कारखान्याचा आणि दूध संघाचा 'सभासद' हा शब्द त्याच्या घरातलाच आहे. सहकारातील गटबाजी, वार्षिक सभेतला गोंधळ, घराणेशाही हे सारे त्याने पाहिले आहे, आणि संघाच्या कारभारातही ते शिरेल अशी भीती रास्त आहे. परंतु वार्षिक सभेत भांडायला येणारा सभासद सामन्यालाही येतो. ज्याला भांडण्याचाही हक्क नाही तो घरी बसून दूरदर्शनसंच लावतो, आणि काही दिवसांनी तोही बंद करतो.

बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी सरकारी तिजोरीतून उभे राहिले. पुढचा व्यावसायिक संघ ते भाड्याने मागायला येईल तेव्हा शासनाला काही अटी घालता येतील. हंगामातील निम्मे सामने याच शहरात झाले पाहिजेत, संघाच्या भागांपैकी काही हिस्सा लहान रकमेत नागरिकांना खुला असला पाहिजे, त्या भागधारकांचा एक प्रतिनिधी संचालक मंडळावर बसला पाहिजे, आणि संघ दुसरीकडे न्यायचा किंवा बंद करायचा झाल्यास खेळाडूंचा व प्रबोधिनीतील मुलांचा एक वर्षाचा खर्च आगाऊ ठेव म्हणून जमा असला पाहिजे. या अटी ऐकून काही उद्योगपती मागे फिरतील. जे मागे फिरतील ते पाचव्या वर्षी तसेही गेलेच असते.