एकच रायफल घ्यायची तर कोणती? एल्कच्या डोंगरात महागात पडलेला धडा

तुम्ही लोकलमध्ये असाल, बसमध्ये असाल किंवा डेन्व्हरच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, कानात हेडफोन नसेल तर हा लेखी भाग तुमच्यासाठी.

मी कोलोरॅडोत राहतो आणि हिवाळ्याआधी शिकारीला जातो, हे मागे एकदा बोलता बोलता सांगून गेलो होतो. त्यावर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, मी पण आता इकडेच आलोय. एल्क, हरीण, अस्वल, सगळ्याला चालेल अशी एकच रायफल सांग ना." प्रश्न साधा आहे, पण त्याचं चुकीचं उत्तर घेऊन मी एकदा डोंगरात गेलोय. म्हणून आज सविस्तर बोलू.

आधी कायद्याचं

भारतातल्या श्रोत्यांनो, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती बंदच राहायला हवी. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत पद्धत वेगळी आहे. कुठल्या भागात किती जनावरं मारायची हे राज्याचं वन्यजीव खातं दरवर्षी ठरवतं, तेवढीच लायसन्स देतं, आणि खाण्याजोगं मांस रानात टाकून दिलं तर गुन्हा होतो. कोलोरॅडोत १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा सेफ्टी कोर्स केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही.

आणखी एक, आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचं. तुम्ही एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर बंदूक बाळगायला साधारणपणे मनाई आहे. शिकारीचं वैध लायसन्स असेल तर अपवाद आहे, पण "मित्र म्हणाला चालतं" यावर जाऊ नका. वकिलाला विचारा, मगच दुकानात जा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

माझं काय चुकलं

पहिल्या वर्षी दुकानातला माणूस म्हणाला, "एल्कसाठी ना? मग मॅग्नमच घ्या." मी घेतली, थ्री-हंड्रेड विंचेस्टर मॅग्नम. रेंजवर पहिल्या दिवशी वीस गोळ्या झाडल्या आणि रात्री खांदा निळा पडला. पुढच्या दोन महिन्यांत मी फक्त सहा गोळ्या झाडल्या. कारण स्वतःलाही सांगितलं नव्हतं, पण मला त्या रायफलची भीती बसली होती.

ऑक्टोबरात पहाटे एक एल्क मादी दिसली, साधारण २३० यार्डांवर, आडवी उभी. मी चाप ओढला आणि त्याच क्षणी डोळे मिटले. गोळी मागे, पोटात लागली. ती पळाली. अंधार पडेपर्यंत मी रक्ताचा माग काढला. रात्री बर्फ पडलं. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन पुन्हा सगळी दरी पालथी घातली. ती सापडली नाही.

लायसन्स खिशात तसंच होतं, कायद्यानं मी पुढे शिकार करू शकलो असतो. पण माझ्या हिशेबात माझं जनावर झालं होतं. मी घरी आलो.

नंतर शेजाऱ्यानं रेंजवर मला न सांगता मॅगझिनमध्ये एक रिकामं, सरावाचं काडतूस घातलं. मी नेम धरला, चाप ओढला. आवाज आला फक्त "टिक्". आणि धक्काच नसलेल्या त्या रायफलची नळी खाली झुकली, म्हणजे झुकवली मीच. शेजारी काहीच बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

जनावरं किती मोठी?

आता मुद्द्यावर येऊ. "ऑलराउंड" म्हणजे कशाकशाला पुरायला हवी? सगळ्यात लहान प्राँगहॉर्न, पन्नास किलोच्या आसपास. मोकळ्या माळावर राहतं, त्यामुळे गोळी लांबून झाडावी लागते. मग म्यूल डिअर, नर साधारण सत्तर ते शंभर किलो. मग काळं अस्वल. आणि एल्क: मादी सव्वादोनशे किलोच्या घरात, नर तीनशेच्या पुढे. म्हणजे एकीकडे लांबचा लहान नेम, दुसरीकडे जाड हाडांचं मोठं जनावर. दोन्हीला पुरेल असं काडतूस हवं.

इथे कायदा काय मागतो ते बघा. कोलोरॅडोत एल्कसाठी कमीत कमी ०.२४ इंच व्यासाची, ८५ ग्रेन वजनाची, आत गेल्यावर फुलणारी गोळी लागते, आणि १०० यार्डांवर तिच्यात १,००० फूट-पाउंड ऊर्जा हवी. दुकानातल्या माणसानं सांगितलं त्यापेक्षा हे कितीतरी कमी आहे.

काडतूस: जुनी भांडणं, सोपं उत्तर

या विषयावर अमेरिकेत शंभर वर्षं वाद चालू आहे. जॅक ओ'कॉनर हा लेखक टू-सेव्हन्टी विंचेस्टरचा भक्त. हे काडतूस १९२५ चं, हलकी आणि वेगवान गोळी. एल्मर कीथ बरोबर उलट: गोळी जाड आणि जडच हवी. दोघांनीही आयुष्यभर शिकार केली, दोघांनाही भरपूर एल्क मिळाले. यातून मी एवढंच घेतलं की गोळी योग्य जागी लागली तर दोन्ही चालतात.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल भेट मिळालेली रायफल होती पॉइंट टू-सेव्हन-फाइव्ह रिग्बी. आजच्या मापानं अगदी सौम्य काडतूस.

मग निवड कशावर करायची? मी म्हणतो, धक्क्यावर. साधारण आठ पाउंडांच्या रायफलमध्ये सिक्स-फाइव्ह क्रीडमूरचा धक्का अंदाजे १२ फूट-पाउंड, टू-सेव्हन्टीचा १७, थर्टी-ऑट-सिक्सचा २०, आणि थ्री-हंड्रेड मॅग्नमचा २५ च्या वर. बहुतेक माणसांना विशीपर्यंतचा धक्का सरावानं झेपतो. त्यापुढे मन आधीच दचकायला लागतं, आणि दचकणं तुम्हाला स्वतःला कळत नाही. मला कुठे कळलं होतं?

माझं उत्तर थर्टी-ऑट-सिक्स. १९०६ चं काडतूस, म्हणून नावात ०६. आजही खेडेगावातल्या छोट्या दुकानातसुद्धा मिळतं, आणि काडतुसं घरी विसरून दोनशे मैल आलात की याची किंमत कळते. १६५ ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २,८०० फूट वेगानं निघते. २०० यार्डांवर नेम बसवला, तर ३०० यार्डांवर गोळी आठेक इंच खाली जाते, ४०० वर जवळपास दोन फूट. म्हणजे अडीचशेपर्यंत फार विचार करायचा नाही, सरळ छातीवर नेम.

धक्का नको असेल तर टू-सेव्हन्टी किंवा सिक्स-फाइव्ह क्रीडमूर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त एल्कवर अंतर कमी ठेवा आणि गोळी चांगली निवडा.

गोळीकडे लक्ष द्या

लोक काडतुसावर तासभर भांडतात आणि गोळी स्वस्तातली घेतात. जॉन नॉस्लर नावाच्या माणसानं १९४६ साली कॅनडात एका मूसवर गोळ्या झाडल्या. अंतर जवळचं होतं, काडतूस ताकदवान होतं, पण गोळ्या वरच्यावरच फुटल्या, आत शिरल्याच नाहीत. त्यानं घरी जाऊन मधोमध तांब्याचा पडदा असलेली गोळी बनवली: पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत जातो. तिचं नाव पार्टिशन, आणि ती आजही विकली जाते.

आता शिसं आणि तांबं घट्ट जोडलेल्या बाँडेड गोळ्या आहेत, पूर्ण तांब्याच्याही आहेत. मी तांब्याची वापरतो. कारण मांस माझी मुलगी खाते, आणि उरलेली आतडी गिधाडं, गरुड खातात. शिशाचे कण त्यांच्या पोटात जातात. काँडोर वाचवण्यासाठी कॅलिफोर्नियानं २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली आहे.

बाकीची रायफल

हे पटकन सांगतो. बोल्ट अॅक्शन घ्या: साधी, भरवशाची. नळी २२ इंच पुरते. बर्फ-पावसासाठी स्टेनलेस नळी आणि सिंथेटिक दस्ता बरा, कारण लाकूड ओलाव्यानं फुगतं आणि नेम सरकतो. दुर्बिणीसकट वजन आठ पाउंडांच्या आसपास ठेवा. त्याहून फार हलकी घेतलीत तर दहा हजार फुटांवर चढताना बरं वाटतं, पण धक्का वाढतो. दुर्बीण तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी पुरे. पैसे वाचवायचे असतील तर रायफलीत वाचवा, काचेत नको. पहाटेच्या अंधुक उजेडात स्वस्त काच दगा देते.

आणि सगळ्यात शेवटी, तुम्ही

रेंजवर टेबलावरून गोळ्या मारणं म्हणजे सराव नव्हे. बसून, गुडघ्यावर, बॅगेवर टेकवून मारा. ज्या अंतरावर पाचपैकी पाच गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात बसतात, ते तुमचं अंतर. माझं २५० यार्ड आहे.

दोन वर्षांनी, थर्टी-ऑट-सिक्स घेऊन मी त्याच दरीत होतो. एक एल्क मादी ३५० यार्डांवर उभी होती. वारा आडवा होता. मी दुर्बिणीतून तिला पाच मिनिटं बघितलं आणि ती झाडीत निघून गेली. दोन दिवसांनी दुसरी १४० यार्डांवर आली. एक गोळी. ती चाळीस पावलं गेली आणि बसली.

लोक मला या दुसऱ्या मादीबद्दल विचारतात. मला मात्र आधीची ती ३५० यार्डांवरची आठवते, जिच्यावर मी गोळी झाडली नाही. तेव्हा रायफल अशी घ्या, की जिची तुम्हाला भीती वाटणार नाही, आणि जी हातात असताना "नाही" म्हणता येईल.

पुढच्या भागात बोलू मांसाबद्दल: डोंगरातून सव्वाशे किलो मांस पाठीवर खाली कसं आणायचं. तोपर्यंत, काळजी घ्या!